शंभरातले किती जण?

२९ मार्च १८५७ रोजी बराकपूरच्या परेड मैदानावर ३४ व्या बंगाल पलटणीतल्या मंगल पांडेंनी इंग्रज अधिकाऱ्यांवर शस्त्र उचललं. ८ एप्रिलला त्यांना फाशी झाली. हुकूम मोडला, रक्त सांडलं. तरी आजचा कुठलाही जबाबदार मानसोपचारतज्ज्ञ एवढ्यावरून ‘समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकार’ असं निदान करणार नाही. निव्वळ राजकीय बंड किंवा माणूस आणि समाज यांच्यातला झगडा म्हणजे मानसिक विकार नव्हे, असं अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत नमूद आहे. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींवर शिक्का मारला, सोलापुरातही माणसांना तारेच्या कुंपणाआडच्या ‘सेटलमेंट’मध्ये कोंडलं आणि तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं.

मग विकार कशाला म्हणायचं? वय किमान १८ हवं. वारंवार कायदा मोडणं, फसवणूक, मारामाऱ्या, उतावळेपणा, बेपर्वाई, जबाबदारी झटकणं आणि केल्याचं काहीही न वाटणं, या सातांपैकी तीन लक्षणं हवीत. शिवाय त्याची मुळं पंधराव्या वर्षाच्या आतली हवीत. म्हणून पाहणी करणारा आजच्या गुन्ह्यांआधी बालपणाबद्दल विचारतो: शाळा बुडवायचात का? रात्री घरातून पळून जायचात का? मुद्दाम आग लावलीत? मुक्या जनावराला दुखावलंत? तिथे काहीच सापडलं नाही, तर पुढचे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

या कसोटीवर वर्षभरातलं प्रमाण ०.२ ते ३.३ टक्के भरतं. बराकपूर नगरपालिकेची वस्ती २०११ च्या जनगणनेत सुमारे दीड लाख होती. त्यात लाखभर प्रौढ धरले, तर हिशेबाने दोनशे ते तेहतीसशे माणसं होतात. हा आकडा बराकपुरात मोजलेला नाही. अंदाजाचा पल्ला किती लांब आहे, एवढंच त्यातून कळतं. अमेरिकेतल्या २००१-०२ च्या मोठ्या पाहणीत आयुष्यात कधीतरी हा विकार असण्याचं प्रमाण ३.६ टक्के निघालं, पुरुषांत ५.५, बायकांत १.९. तैवानमध्ये तेच १९८० च्या दशकात अर्ध्या टक्क्याच्याही खाली होतं. प्रश्न कुठे आणि कुणाला विचारले, यावर बरंच अवलंबून असतं.

तुरुंगात चित्र पालटतं. सीना फजल आणि जॉन डॅनेश यांनी २००२ मध्ये १२ देशांतल्या ६२ पाहण्या एकत्र केल्या. पुरुष कैद्यांत ४७ टक्के आणि स्त्री कैद्यांत २१ टक्के जणांत हा विकार आढळला. बराकपूरच्याच लाटबागानात पश्चिम बंगालची पोलीस अकादमी आहे. तिथून बाहेर पडणाऱ्यांना या आकड्याची दुसरी बाजूही शिकवायला हवी. यातले निम्म्याहून अधिक पुरुष कैदी या निदानात बसत नाहीत. उलट, विकार असलेली कित्येक माणसं तुरुंगाची पायरीही न चढता घरच्यांना, भागीदारांना, हाताखालच्यांना छळत राहतात.

आपल्याकडचा हिशेब तोकडा आहे. बेंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातल्या १२ राज्यांत पश्चिम बंगाल होतं, महाराष्ट्र नव्हता. एवढ्या मोठ्या राज्याची ही उणीव मला खटकते.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते ली रॉबिन्स यांचं काम. सेंट लुईसच्या बालमार्गदर्शन केंद्रात आलेल्या ५२४ मुलांचा त्यांनी तीस वर्षांनी माग काढला आणि १९६६ मध्ये निष्कर्ष मांडले. समाजविरोधी वागणाऱ्या जवळपास प्रत्येक प्रौढाचं बालपणही तसंच होतं. मात्र तशी वागणारी बहुतेक मुलं पुढे तशी प्रौढ झाली नाहीत. म्हणून वर्गात दांडगाई करणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला ‘हा गुंडच होणार’ म्हणणं अन्यायाचं आहे आणि त्याच्याकडे काणाडोळा करणंही धोक्याचं. प्रौढपणी या विकारावर हुकमी औषध नाही. लहानपणी पालकांना दिलेल्या प्रशिक्षणाचा मात्र उपयोग होतो, म्हणूनच ब्रिटनच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनी त्यावर भर दिला. आपल्याकडे पालकांना पहिला सल्ला हवा असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.