‘पण’ला इंग्रजीत किती शब्द?

गेल्या महिन्यात शेजारची एक मुलगी नोकरीचा अर्ज तपासायला घेऊन आली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग मेकॅनिकलचा डिप्लोमा. अर्ज मनापासून लिहिला होता. त्यात एक वाक्य होते : ‘ऑल्दो माय मार्क्स आर लो, बट आय वर्क हार्ड.’ तिला म्हटले, यातला ‘बट’ काढ. ती म्हणाली, ‘काका, मग वाक्य अर्धवट वाटतं.’

तसे वाटणे साहजिक आहे. ‘जरी’ म्हटले की आपला कान ‘तरी’ची वाट पाहतो. ‘जरी गुण कमी असले’ एवढे बोलून कुणी ‘मी कष्ट करते’ म्हणाले, तर मधली पायरी निसटल्यासारखी वाटते. इंग्रजीत दोन वाक्ये जोडायला एकच शब्द पुरतो. ‘ऑल्दो’ आला की ‘बट’ला काम उरत नाही, आणि ‘बट’ ठेवायचा असेल तर ‘ऑल्दो’ काढावा लागतो. रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणात ‘दो’ आणि ‘येट’ अशी जोडी दिलेली आहे, त्यामुळे आधीच्या पिढीच्या इंग्रजीत ती दिसते. आज तो ‘येट’ही बहुतेक जण गाळतात.

‘बट’ काढल्यावर उरलेले तिचे वाक्य मात्र चांगले होते, कारण उणी बाजू ‘ऑल्दो’बरोबर होती आणि जमेची बाजू मुख्य वाक्यात. शाळेत आपण ‘पण’, ‘परंतु’, ‘किंतु’ यांना न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यये म्हणायला शिकतो. हे नाव नेमके आहे : ‘पण’नंतर जे येते, ते आधीच्या बोलण्याला उणेपणा आणते. ‘भाजी छान झाली, पण तिखट आहे’ आणि ‘भाजी तिखट आहे, पण छान झाली’ यांत माहिती तीच, तरी भाजी करणाऱ्याला कोणते वाक्य गोड लागेल हे सांगायला नको. त्या मुलीने ‘मी कष्ट करते’च्या आधी ‘ऑल्दो’ लावून गुणांची गोष्ट शेवटी नेली असती, तर वाचणाऱ्याच्या लक्षात कमी गुणच राहिले असते.

सर्वांत जास्त चुका होतात त्या ‘हाउएव्हर’च्या. त्याला ‘बट’चा भारदस्त भाऊ समजून दोन वाक्यांच्या मधे नुसत्या स्वल्पविरामांवर बसवले जाते. पण ‘बट’ दोन वाक्ये जोडतो, ‘हाउएव्हर’ जोडत नाही. म्हणून आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम द्यायचा आणि नंतर स्वल्पविराम. तो नंतरचा स्वल्पविराम विसरला तर अर्थही बदलू शकतो : ‘हाउएव्हर हार्ड शी ट्राइड’ म्हणजे ‘तिने कितीही प्रयत्न केला तरी’.

विल्यम स्ट्रंक यांनी १९१८च्या ‘द एलिमेंट्स ऑफ स्टाइल’मध्ये या अर्थाचा ‘हाउएव्हर’ वाक्यारंभी ठेवू नये असा नियम दिला होता. आज तो फारसा पाळला जात नाही. तरी शब्द मधे ठेवण्यात एक सोय आहे आणि ती मराठी माणसाला लगेच कळते. ‘सगळे जत्रेला गेले. भाऊ मात्र घरीच राहिला.’ यातला ‘मात्र’ ज्याला वेगळे काढायचे त्याच्या पाठोपाठ येतो. ‘माय ब्रदर, हाउएव्हर, स्टेड ॲट होम’ यातला ‘हाउएव्हर’ हुबेहूब तेच करतो.

‘ऑन द कॉन्ट्ररी’ची गल्लतही मराठीच सोडवते. ‘मुंबईची हवा दमट, याउलट पुण्याची कोरडी’ ही तुलना आहे. तिथे ‘बाय कॉन्ट्रास्ट’ किंवा ‘व्हेअरॲज’ हवा. ‘तो आळशी नाही, उलट पहाटे पाचला उठतो’ यात आधीचा समज खोडून काढला आहे. ‘ऑन द कॉन्ट्ररी’ची जागा ती. एकाच गोष्टीची दुसरी बाजू मांडताना आपण ‘दुसरीकडे’ म्हणतो, तिथे ‘ऑन द अदर हँड’ बसतो.

‘असूनही’ म्हणायचे असेल तर ‘डिस्पाइट’ आणि ‘इन स्पाइट ऑफ’ दोन्ही चालतात. ‘ऑफ’ फक्त दुसऱ्यात आहे, ‘डिस्पाइट ऑफ’ चूक. या दोघांनंतर नाम येते, ‘ऑल्दो’सारखे अख्खे वाक्य येत नाही. त्यांच्याच घरातला वडीलधारा शब्द म्हणजे ‘नॉटविदस्टँडिंग’. राज्यघटनेचे कलम ३७० २०१९पर्यंत याच शब्दाने सुरू होत असे : या संविधानात काहीही असले तरी, पुढे लिहिले आहे ते लागू. बाकी तरतुदींवर मात करण्याचे बळ कायद्यात या एका शब्दाला मिळते.

म्हणून शब्द निवडण्याआधी एक करावे : दोन वाक्यांमधले नाते मराठीत म्हणून पाहावे. ‘पण’, ‘मात्र’, ‘उलट’, ‘याउलट’, ‘असूनही’ यांतले काय बसते ते ठरले की इंग्रजी शब्द आपोआप सुचतो. जी मराठी ‘जरी–तरी’त पाय अडकवते, तीच इथे हात धरते.

त्या मुलीला एवढेच सांगितले. तिने ‘बट’ खोडला आणि स्वतःहून पुढच्या ओळीवर थांबली. तिथे होते : ‘आय नो वेल्डिंग. हाउएव्हर, आय कॅन रीड ड्रॉइंग्ज.’ ती पुटपुटली, ‘मला वेल्डिंग येतं, मात्र ड्रॉइंग वाचता येतं…’ मग म्हणाली, ‘काका, इथे तर “शिवाय” हवं.’ ‘हाउएव्हर’वर काट मारून तिने ‘आय कॅन ऑल्सो रीड ड्रॉइंग्ज’ लिहिले.