रिकर्व्ह की कंपाउंड? शिकारीच्या क्रॉसबोविषयीचे पाच गैरसमज

अमेरिकेत आणि कॅनडात ऑक्टोबर लागला की पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीला रंग चढतो. पहिला क्रॉसबो घ्यायला दुकानात गेलेल्या माणसासमोर दोन प्रकार ठेवले जातात. रिकर्व्हच्या बाहूंची टोकं पुढे वळलेली असतात आणि दोरी थेट त्यांनाच अडकवलेली असते. कंपाउंडच्या बाहूंना कॅम, म्हणजे लंबगोल चाकं असतात आणि त्यांवरून दोरी व केबल फिरतात. बहुतेक जण खोक्यावरचा वेगाचा आकडा बघून निवड करतात. मला मात्र पहिला प्रश्न हाच वाटतो, की यातल्या कोणत्या धनुष्यानं मी एकाच बाणात, जनावराला यातना न देता काम पुरं करू शकेन?

गैरसमज १ : कंपाउंड वेगवान, म्हणून हरणाला सावध व्हायला वेळच मिळत नाही.

वस्तुस्थिती : इथे थोडं गणित करू. कंपाउंडचा बाण सेकंदाला ४०० फूट वेगानं, म्हणजे सुमारे १२२ मीटरनं सुटला, तर ३० मीटर जायला त्याला पाव सेकंद लागतो. दोरीचा आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटरनं धावतो. तो एक दशांश सेकंदाच्या आतच हरणाच्या कानी पडतो. दचकलेलं हरीण उडी घेण्याआधी पाय दुमडून खाली दबतं, आणि बाण पाठीवरून निघून जातो किंवा, त्याहून वाईट, भलतीकडे लागतो. सेकंदाला ३५० फूट वेगाच्या रिकर्व्हचा बाण हेच अंतर कापायला सेकंदाचा फार तर पंचविसावा भाग जास्त घेतो. आवाजाला हरवणं दोघांनाही जमत नाही. हरीण बेसावध, मान खाली घालून चरत असताना आणि जवळ असतानाच चाप ओढणं, हा यावरचा खरा उपाय.

गैरसमज २ : क्रॉसबोला दस्ता, चाप आणि दुर्बीण असते, म्हणजे ती बिनआवाजाची बंदूकच.

वस्तुस्थिती : धरण्याची पद्धत बंदुकीची असली तरी आतून ते धनुष्यच आहे. बाण सुटल्या क्षणापासून खाली येऊ लागतो. सेकंदाला ४०० फूट वेगाच्या त्याच बाणाचा नेम ५० मीटरवरच्या हरणावर धरला, पण अंदाज ४० मीटरचा केला, तर बाण पंधरा सेंटिमीटरहून जास्त खाली लागतो. हरणाच्या हृदय-फुफ्फुसांचा भाग असतो जेमतेम २० ते २५ सेंटिमीटर रुंद. म्हणजे नेम मधोमध असूनही बाण त्याच्या बाहेर जातो. शिवाय बाण गोळीसारखा धक्क्यानं मारत नाही. धारदार पात्यानं रक्तस्राव होऊन जनावर पडतं. म्हणून पातं वस्तऱ्यासारखं हवं, आणि बाण लागल्यावर लगेच मागे न धावता थांबायला हवं. घाईनं पाठलाग केला तर जखमी हरीण मैलभर पळतं आणि कुठेतरी झुडपात तडफडत राहतं.

गैरसमज ३ : कॅम असल्यामुळे कंपाउंड ताणायला हलका.

वस्तुस्थिती : हाताच्या कंपाउंड धनुष्यात कॅममुळे पूर्ण ताणल्यावर भार उतरतो आणि नेम धरून उभं राहणं सोपं जातं. क्रॉसबोत ताणलेली दोरी चापाची खीळच धरून ठेवते. आपल्याला मधला सर्वाधिक ताणाचा टप्पा ओलांडावाच लागतो. दोन्ही प्रकारांत रीत एकच आहे. पुढच्या रिकिबीत पाऊल रोवायचं, ताणदोरीचे, म्हणजे धनुष्य ताणायच्या वेगळ्या दोरीचे, दोन्ही आकडे धनुष्याच्या दोरीत पन्हाळीच्या, म्हणजे बाण ठेवायच्या खाचेच्या, दोन बाजूंना समान अंतरावर अडकवायचे आणि ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत दोन्ही हात एकसारखे वर खेचायचे. एक हात जरी पुढे-मागे झाला तरी बाण डावी-उजवीकडे जातो. ताणदोरीमुळे जोर निम्म्यावर येतो. पाठ किंवा खांदा दुखत असेल तर हातानं फिरवायचं क्रँक घ्यावं. आणि बाण सोडताना पुढच्या हाताची बोटं पन्हाळीच्या खालीच हवीत. दोरीच्या वाटेत आलेला अंगठा वाचत नाही.

गैरसमज ४ : रिकर्व्ह जुनाट, आता त्याचा काळ गेला.

वस्तुस्थिती : कंपाउंड धनुष्याचं पेटंट मिसूरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये मिळालं. रिकर्व्ह त्याहून हजारो वर्षं जुना आहे, पण त्याचा साधेपणा हेच त्याचं बळ आहे. जंगलात दोरी तुटली तर रिकर्व्हची दोरी शिकारी जागेवर बदलू शकतो. कंपाउंडला बहुधा बाहू दाबून धरणारा प्रेस लागतो, म्हणजे दुकान गाठावं लागतं. कॅनडाची एक्सकॅलिबर कंपनी याच साधेपणावर उभी राहिली. दुसरीकडे, मचाणावर फांद्यांमध्ये बसायचं असेल तर कंपाउंड सोयीचा. काही कंपाउंड ताणल्यावर कॅमपासून कॅमपर्यंत एका वितीपेक्षाही अरुंद होतात. रिकर्व्हचे रुंद बाहू फांदीला आपटले तर नेम गेलाच. तेव्हा दुकानात बाहू किती रुंद आहेत हे बघताना आपली बसायची जागाही डोळ्यांसमोर आणावी.

गैरसमज ५ : जितका ताण जास्त तितकं उत्तम, आणि परवाना असला की कुठेही चालतं.

वस्तुस्थिती : कॅनडातल्या ओंटारियोत हरणासाठी क्रॉसबोचा ताण किमान ४५ किलो आणि मूस या थोराड हरणासाठी ५४ किलो हवा. बाजारातले बहुतेक क्रॉसबो याच्या पुढेच असतात, त्यामुळे आणखी ताणामागे धावायचं कारण नाही. कायदा मात्र जागोजागी बदलतो. अमेरिकेतल्या ओहायोत क्रॉसबोनं शिकार चालते, ओरेगनमध्ये त्याला बंदी आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं वन्यप्राण्यांच्या शिकारीचं दार बंद केलं आहे, आणि ते बंदच राहावं असं मला मनापासून वाटतं. टोरांटोत स्थायिक झालेल्या मराठी माणसानं तिथले नियम शिकून परवाना काढला तर गोष्ट वेगळी.

दोन्हींतला कोणताही घ्या. हंगामाआधी महिनाभर रोज सकाळी, हात गरम व्हायच्या आत, एकच बाण मारा. समोर जेवणाच्या ताटलीएवढं वर्तुळ ठेवा. शिकारीत दुसरी संधी बहुधा मिळत नाही, म्हणून पहिलाच बाण मोजायचा. जितक्या अंतरावरून तो रोज ताटलीत बसतो, तेवढीच आपली हद्द. त्यापलीकडे उभं असलेलं हरीण कितीही देखणं असलं, तरी त्याला जाऊ द्यावं.