नवरीचे डोळे की नथ?

पणदरे, माळेगाव, सोमेश्वर या कालव्याच्या पट्ट्यात लग्नाची ऑर्डर ठरवायला बसलेली मंडळी हल्ली दोन गोष्टी हमखास विचारतात. ड्रोन आहे का, आणि मागचं सगळं ब्लर होतं का. ड्रोनचं उत्तर एका शब्दात देता येतं. ब्लरबद्दल मात्र चहा मागवून निवांत बोलावं लागतं, कारण या ब्लरच्या हट्टापायी कितीतरी अल्बमांत नवरीचा चेहराच हरवलेला मी पाहिला आहे.

आमच्या धंद्यातल्या एका दोस्तानं कर्ज काढून ८५ एमएम एफ १.४ घेतली. अप्रतिम लेन्स. पहिल्याच लग्नात त्यानं ती पूर्ण उघडी ठेवून नवरीचे क्लोजअप काढले. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळं झकास दिसत होतं. अल्बमसाठी फोटो मोठे करून घरच्यांना दाखवले, तेव्हा नवरीची आजी जवळ येऊन बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यो नथीचा फोटू हाय बाबा, पोरीचा न्हाय." आजीचं शंभर टक्के बरोबर होतं. नथीचा मोती न् मोती कोरल्यासारखा, आणि डोळे धुरकट.

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ची लेन्स लावून साडेसहा फुटांवर उभं राहिलं आणि अ‍ॅपर्चर १.४ ठेवलं, तर फोटोत धारदार येणारा पट्टा जेमतेम साडेचार-पाच सेंटिमीटर खोल असतो. त्यातला निम्मा फोकसच्या पुढे, निम्मा मागे. नथ डोळ्यांच्या पुढे तीनेक सेंटिमीटर असते. फोकस नथीवर बसला की डोळे पट्ट्याबाहेर गेलेच. त्यात आपल्याकडे मुंडावळ्या. गालांवर लोंबणाऱ्या त्या पांढऱ्याशुभ्र सरांवर ऑटोफोकस असा झेपावतो की चेहरा मागे राहतो. नवीन मिररलेस कॅमेरे डोळा ओळखून धरतात, त्यामुळे बरीच सोय झाली, पण नवरीनं मान खाली घातली की तेही चुकतात. म्हणून ८५ असली तरी अ‍ॅपर्चर २.८ किंवा ४ वर आणावं. पट्टा ९ ते १३ सेंटिमीटरवर जातो, नथही येते, डोळेही येतात, आणि मागची झालर तरीही मऊ होते. तीन फूट मागे उभ्या असलेल्या करवलीचा चेहरा थोडा ओळखू आला, तर बिघडलं काय? दहा वर्षांनी अल्बम उघडणाऱ्याला तीच माणसं शोधायची असतात.

जगात गाजलेलं एक व्यक्तिचित्र याला साक्ष आहे. स्टीव्ह मॅककरीनं १९८४ साली पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावणीत काढलेली हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी, जी जून १९८५च्या नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर आली. ती लेन्स होती निकॉनची १०५ एमएम एफ २.५. १.४ नाही, १.२ नाही. त्या फोटोत आपण डोळ्यांत अडकतो, मागच्या ब्लरमध्ये नाही.

आता मांडवात या. लेन्स निवडताना दुकानात जे कोणी सांगत नाही ते इथं कळतं: तुम्हाला उभं राहायला जागा किती मिळणार? ८५नं जोडप्याचा आडवा फोटो डोक्यापासून पायांपर्यंत घ्यायचा तर पंचवीसेक फूट मागे जावं लागतं. आमच्याकडच्या मंगल कार्यालयात स्टेजपासून पंचवीस फुटांवर काय असतं? पुढाऱ्यांचे सोफे, व्हिडिओवाल्याची क्रेन, आणि सत्काराला नाव पुकारलं जाईल म्हणून उभे असलेले पाहुणे. तोच फोटो ३५ एमएमनं दहा-अकरा फुटांवरून होतो. अंतरपाटाच्या वेळी तर ३५शिवाय मी राहतच नाही. दोन्हीकडचे मामा, अंतरपाट धरलेले हात, भटजी, आणि पडद्याच्या अल्याड-पल्याडचे दोघं हे सगळं एका चौकटीत हवं असतं. शेवटचं 'सावधान' झालं की अंतरपाट खाली येतो, अक्षतांचा पाऊस पडतो, आणि पुढच्या चार-पाच सेकंदांत दोघं एकमेकांकडे बघतात ते पुन्हा त्या दिवसात कधी बघत नाहीत. तेव्हा लेन्स बदलायला वेळ नसतो. गळ्यात दोन कॅमेरे, एकावर ३५ आणि दुसऱ्यावर ८५, हाच उपाय.

जागा कमी म्हणून २४ किंवा १६ लावायचा मोह होतो. ग्रुप फोटोत तो टाळावा. एका थोरल्या घरच्या लग्नात बावीस-पंचवीस माणसं एका रांगेत उभी होती आणि फोटोग्राफरनं जवळूनच १६नं चौकट भरली. मधले सगळे नीट आले, आणि टोकाला उभी असलेली नवरदेवाची आत्या आडवी ताणली गेली. वाइड लेन्स कडेला असलेल्या वस्तू पसरवते, तो तिचा गुणच आहे. पण आत्या रुसली ती रुसलीच, आणि तिचं रुसणं योग्यच होतं. मानाचं माणूस फोटोत विद्रूप दिसलेलं कुणाला चालेल? दोन रांगा कराव्यात, खुर्च्या सरकवाव्यात, मागे जाऊन ५० लावावी. आमच्या भागातले जुने स्टुडिओवाले यशिका मॅट घेऊन लग्नं करायचे. ८० एमएमची न बदलता येणारी लेन्स, रोलमध्ये १२ फोटो. लेन्स बदलता येत नव्हती म्हणून ते पाय हलवायचे आणि माणसं नीट उभी करायचे. त्यांच्या ग्रुप फोटोत टोकाची आत्या कधी ताणलेली दिसत नाही.

गोरज मुहूर्ताचं गणित वेगळं. दिवस मावळतीला, लाइटिंग अजून जोर धरायचंय, आणि एफ २.८ची झूम धापा टाकते. एफ १.८ तिच्या जवळजवळ अडीचपट प्रकाश आत घेते. पोर्ट्रेट लेन्सचा जन्मच मुळी प्रकाशाच्या या भुकेतून झाला. १८४० साली व्हिएन्नातला गणिताचा प्राध्यापक योझेफ पेट्झवालनं तोफखान्यातली हिशेबात तरबेज माणसं मदतीला घेऊन गणितं मांडली आणि एफ ३.६ची लेन्स तयार झाली. त्याआधी फोटोसाठी माणसाला मिनिटं न् मिनिटं पुतळ्यासारखं बसावं लागायचं. रात्रीच्या स्टेजवर एक सावधगिरी मात्र पाळावी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं नाही तर फोटोवर काळे पट्टे येतात, मग लेन्स कितीही महागडी असो.

आणि जेजुरी! लग्न झालं की नवं जोडपं खंडोबाला जातंच. पणदऱ्याहून नीरेवरून गाडी काढली की सकाळच्या उन्हात गड. नवरदेव बायकोला उचलून किमान पाच पायऱ्या चढतो, सगळे 'येळकोट येळकोट जय मल्हार' करतात आणि भंडारा उधळतात. पिवळ्याधमक धुळीत ते दोघं, त्याचा लाल झालेला चेहरा, तिचं लाजून हसणं. माझ्या मते साऱ्या लग्नातला सर्वांत देखणा फोटो तोच. लेन्ससाठी मात्र तो सर्वांत वाईट क्षण. २४-७०सारखी झूम फिरवली की तिचं नाक पुढे-मागे होतं आणि त्याबरोबर हवा आत ओढली जाते. हवेबरोबर भंडारा. एका तरुण फोटोग्राफरच्या लेन्समध्ये हळद अशी शिरली की झूमची रिंग करकरायला लागली आणि आतल्या काचेवर पिवळा थर बसला. दुरुस्तीचं बिल त्या ऑर्डरच्या निम्म्याएवढं झालं. तेव्हापासून गडावर मी झूम नेलीच तर ७०-२०० नेतो. डीएसएलआरच्या काळातल्या एफ २.८वाल्या बहुतेक ७०-२०० झूम करताना लांब होत नाहीत, आतल्या आतच भिंगं सरकतात. पुढे यूव्ही फिल्टर, माउंटच्या सांध्याला चिकटपट्टी. आणि गडावर लेन्स बदलायची नाही, काहीही झालं तरी. रात्री घरी जागरण-गोंधळ असतो, दिवटीचा उजेड वाघ्या-मुरळीच्या चेहऱ्यावर पडतो, तिथं पुन्हा ८५ एफ १.८. फ्लॅश मारून तो उजेड मारायचा नाही.

७०-२००चा खरा उपयोग पाठवणीला होतो. भिगवणला रोहित पक्षी टिपायला जाणारी मंडळी लांब लेन्स घेतात, कारण जवळ गेलं की पक्षी उडतात. लेकीच्या गळ्यात पडलेल्या आईचंही तसंच आहे. ३५ घेऊन दोन फुटांवर गेलो तर ती डोळे पुसते आणि कॅमेऱ्याकडे बघते. मी मांडवाच्या खांबाआड वीस-पंचवीस फुटांवर थांबतो, १३५च्या आसपास झूम ठेवतो. तिला कळतही नाही.

नव्यानं सुरू करणाऱ्या पोरांचा कॅमेरा बहुधा क्रॉप सेन्सरचा असतो. त्यावर ५० एमएम एफ १.८ लावली की निकॉनवर ७५ आणि कॅननवर ८०सारखी चौकट मिळते. म्हणजे सगळ्यात स्वस्त लेन्स हीच त्यांची पोर्ट्रेट लेन्स. तिच्यावर एक लग्नसराई काढावी, मग ८५चा विचार. घेण्याआधी एक दिवस भाड्यानं आणून घरच्याच कुणाच्या साखरपुड्यात वापरावी. मुंबईच्या बोरा बाजारात जुनी मिळत असेल तर दोन्हीकडची झाकणं काढून मोबाइलच्या टॉर्चसमोर धरावी. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. किंमत कितीही पाडून दिली तरी तिथंच ठेवून यावी.