घाटाचा राजा कोण?

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत खोपोली मागे पडली की बोरघाट सुरू होतो. घाटमाथा प्रथम गाठणारा तो 'घाटाचा राजा'. तो कोण होईल, याचा अंदाज आधी बांधता येईल का?

समजा, सायकलीसह एका स्पर्धकाचे वस्तुमान ७० किलोग्रॅम आहे, दुसऱ्याचे ८०. दोघेही पायडलवर सारखीच, ३०० वॅट शक्ती लावतात. खंडाळ्यापर्यंत सुमारे ५०० मीटर उंची चढायची. वस्तुमान, ९·८ आणि उंची यांचा गुणाकार करा. पहिल्याला ३,४३,००० ज्यूल कार्य करावे लागते, दुसऱ्याला ३,९२,०००. त्याला ३०० ने भागले की वेळ मिळतो : १९ मिनिटे आणि जवळजवळ २२ मिनिटे! हवेचा व रस्त्याचा विरोध येथे धरलेला नाही. चढावर ज्याने डबलसीट घेतली आहे, त्याला हे गणिताशिवायही पटेल.

म्हणजे राजा किडकिडीतच. पण पुणे अजून साठेक किलोमीटर दूर असते! पठारावर वेग वाढतो आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पुढच्याच्या आडोशाने जाणाऱ्याची पाव हिस्सा किंवा अधिक शक्ती वाचते. मागचे चार-पाच धिप्पाड गडी आळीपाळीने पुढे राहून एकट्या राजाला गाठू शकतात. घाटातल्या मंद वेगात मात्र आडोशाचा फायदा थोडाच, म्हणून हलक्या स्पर्धकाने निसटायचे ते तेथेच.

शर्यत पाहायला गेलात, तर माथ्यावर उभे राहा. पहिला आलेला गडी एकटाच पुढे सुटतो, की मागे वळून सोबती शोधतो?