आवाज पोचत नाही तिथे

मुंबईहून पूर्व आफ्रिकेकडे निघालेलं विमान तासाभराच्या आतच अशा ठिकाणी येतं, जिथे किनाऱ्यावरच्या नियंत्रकाचा आवाज त्याला नीट ऐकू येत नाही. व्हीएचएफ रेडिओच्या लहरी सरळ रेषेत जातात. पृथ्वीचा गोलावा आड आला की त्या संपल्या. 35,000 फुटांवरच्या विमानाशी जमिनीवरून साधारण 200 सागरी मैलांपर्यंत असं बोलता येतं. त्यापुढे उरतो एचएफ रेडिओ. त्याच्या लहरी आकाशातल्या विद्युतभारित थरावरून परतून हजारो किलोमीटर जातात, पण सोबत खरखर आणतात. दिवसा चालणारी फ्रिक्वेन्सी रात्री चालत नाही, आणि सूर्यावर खळबळ झाली की कधीकधी कुठलीच चालत नाही. शिवाय पलीकडे बोलणारा माणूस बहुधा नियंत्रक नसतोच. उत्तर अटलांटिकच्या पूर्व भागाचे नियंत्रक स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकला बसतात, तर वैमानिकाचं बोलणं ऐकणारे रेडिओ ऑपरेटर आयर्लंडच्या पश्चिमेला, बॅलीगिरीनला. वैमानिकाने उंची मागायची, ऑपरेटरने ती टिपून पुढे पाठवायची, उत्तर त्याच वाटेने परत यायचं. यात कित्येक मिनिटं जात.

रेडिओ स्वच्छ ऐकू येत असतानाही बोललेला शब्द दगा देतो, हे भारताने फार मोठी किंमत मोजून पाहिलं आहे. 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणात चरखी दादरीवर सौदी अरेबियाचं बोइंग 747 आणि कझाकस्तानचं इल्युशिन-76 एकमेकांवर आदळली आणि 349 माणसं गेली. सौदी विमानाला 14,000 फुटांची परवानगी होती, कझाक विमानाला 15,000 फुटांची. कझाक विमान त्याखाली उतरलं. त्या विमानात रेडिओवर बोलणारा वेगळा होता आणि विमान चालवणारे वेगळे. आदेश एकाच्या कानात पडत होता आणि पाळायचा होता दुसऱ्यांनी. लेखी आदेश असता तर हा अपघात टळलाच असता, असं मी म्हणणार नाही. पण समोरच्या पडद्यावर उंचीचा आकडा लिहिलेला असणं आणि तो कुणाच्या तरी तोंडून ऐकणं यांत किती अंतर आहे, ते तिथे दिसतं.

वैमानिक आणि नियंत्रक आता पडद्यावर लिहूनही बोलतात, आणि या लेखी संवादाला सीपीडीएलसी म्हणतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने भविष्यातल्या हवाई मार्गदर्शनाचा विचार करायला 1983 मध्ये समिती नेमली. त्यातून निघालेली पहिली यंत्रणा 1995 मध्ये बोइंग 747-400 विमानांवर, दक्षिण पॅसिफिकच्या अफाट पाण्यावर वापरात आली. कामाची पद्धत सोपी आहे. वैमानिक आधी नियंत्रण केंद्राच्या चार अक्षरी पत्त्यावर लॉगऑन करतो. अरबी समुद्राचा मोठा पट्टा सांभाळणाऱ्या मुंबई केंद्राचा पत्ता व्हीएबीएफ. विमानाची ओळख जमिनीवरच्या फ्लाइट प्लॅनशी जुळली की दुवा जोडला जातो. मग उपग्रहामार्गे ठरावीक साच्यातले संदेश जातात-येतात: अमुक उंचीवर चढू द्या, वादळामुळे इतके मैल बाजूला जाऊ द्या. आदेश आला की कॉकपिटमध्ये घंटी वाजते. दोन्ही वैमानिकांनी तो आपापला, मनातल्या मनात वाचायचा आणि मगच एकमेकांशी बोलायचं, अशी शिफारस आहे. एकाने मोठ्याने वाचून दाखवला, तर दुसरा पडद्यावरची अक्षरं वाचत नाही, सहकाऱ्याचा आवाज ऐकतो. मग ‘विल्को’, म्हणजे आदेश मिळाला, पाळतो. किंवा ‘अनेबल’, जमणार नाही.

दुवा जुळण्यासाठी जमीनही तयार असावी लागते. रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्स 447 ची 1 जून 2009 ची रात्र मला त्यासाठी पुन्हा पुन्हा तपासावीशी वाटते. जागतिक प्रमाणवेळेनुसार 1 वाजून 35 मिनिटांनी ब्राझीलच्या नियंत्रकाशी शेवटचं बोलणं झालं. पुढच्या टप्प्यावर कधी पोचाल, हे नियंत्रकाने तीनदा विचारलं. उत्तर आलं नाही. पुढचं क्षेत्र सेनेगलच्या डाकार केंद्राचं. वैमानिकांनी तिथे डेटालिंक, म्हणजे हाच दुवा, जोडायचा तीनदा प्रयत्न केला, शेवटचा 2 वाजून 1 मिनिटाने. डाकारच्या संगणकात या विमानाचा फ्लाइट प्लॅनच नव्हता, म्हणून तिन्ही प्रयत्न फसले. डाकारच्या नियंत्रकाने ब्राझीलकडून माहिती घेऊन स्वतः प्लॅन भरला, आणि त्याच्या यंत्रणेत एक विमान आखलेल्या मार्गाने सरकू लागलं. ते केवळ गणितातलं विमान होतं. खरं विमान 2 वाजून 10 मिनिटांनी संकटात सापडलं आणि 2 वाजून 14 मिनिटांनी समुद्रात कोसळलं. 228 जणांपैकी कुणी वाचलं नाही.

त्या शेवटच्या मिनिटांत विमानाने उपग्रहामार्गे 24 स्वयंचलित संदेश पाठवले. ते सगळे विमान कंपनीच्या देखभाल विभागासाठी होते. नियंत्रकांपर्यंत त्यांतला एकही जाणार नव्हता. माद्रिद आणि ब्रेस्टच्या केंद्रांनी आणीबाणी जाहीर केली ती 8 नंतर, सहा तासांनी. डेटालिंक जुळला असता तर विमान पडलं नसतं, असा दावा कुणी करू नये. अपघाताची कारणं वेगळी होती. पण दुवा असता, तर तो तुटल्याचं तरी कळलं असतं. विमान आपली जागा ठरावीक वेळाने आपोआप कळवत राहतं, ती सोयही याच दुव्यावर चालते.

उत्तर अटलांटिकवर डिसेंबर 2017 पासून 35,000 ते 39,000 फुटांच्या थरात डेटालिंक सक्तीचा झाला आणि पुढे ही मर्यादा रुंदावली. तिथल्या निकषानुसार संदेश जाऊन त्यावर उत्तर येण्याचा व्यवहार 240 सेकंदांत पुरा व्हावा लागतो. त्या भरवशावरच शेजारच्या मार्गांमधलं अंतर एका अक्षांशावरून अर्ध्या अक्षांशावर आणता आलं.

लिहिलेल्या आदेशाचेही धोके आहेत, आणि ते मला गंभीर वाटतात. ‘अमुक वाजता चढा’ असा सशर्त आदेश वाचताना डोळा थेट उंचीवर जातो, वेळेचा शब्द सुटतो आणि विमान आधीच चढू लागतं. दुसरा धोका रखडलेल्या संदेशाचा. काही मिनिटांपूर्वीचा आदेश आत्ता उमटला, तर तोवर आकाशातली मांडणी बदललेली असते. म्हणून अमुक सेकंदांहून जुना संदेश आला तर तो न पाळता आवाजाने खात्री करून घ्या, अशी मर्यादा काही क्षेत्रांत आधीच ठरवून देतात.

आणि एक गोष्ट लेखी संवादात मावतच नाही. रेडिओवर एकाला मिळालेलं उत्तर सगळ्यांच्या कानांवर पडे. पुढच्या विमानाला धक्के बसताहेत, हे मागच्याला न विचारता कळे. पडद्यावरचा संदेश दोघांपुरताच राहतो. त्यामुळे महासागरांवर वैमानिक 123.45 मेगाहर्ट्झवर कान ठेवून असतात. ही वाहिनी विमानांनी आपसांत बोलण्यासाठी राखलेली आहे. पुढच्याने तिथे हवा खवळल्याचं सांगितलं, की मागचा वैमानिक प्रवाशांना पट्टे बांधायला सांगतो आणि पडद्याकडे वळून नवी उंची मागतो.