कानात मराठी, डोळ्यांत हिंदी

उज्जैनच्या माधव नगरात मराठी घरात वाढणाऱ्या मुलाला आजीचं सगळं बोलणं समजतं, पण तिच्या हातातलं मराठी मासिक त्याला धड वाचता येत नाही. खरं तर अक्षरं ओळखीची, शाळेत हिंदीसाठी गिरवलेली. भाषाही ओळखीची, रोज कानावर पडणारी. तरीही पानावर दोन्हींची गाठ पडली की गाडी अडते.

इथली मराठी काही कालपरवाची नव्हे. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात महाकाल मंदिराची पुनर्बांधणी केली. १८१० मध्ये शिंद्यांची राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला गेली, मराठी कुटुंबं मात्र राहिली. याच माळव्यात वावरलेल्या मुक्तिबोध बंधूंपैकी थोरले गजानन माधव हिंदीचे मोठे कवी झाले, धाकटे शरच्चंद्र मराठीचे. आज माळव्यातल्या घरांत दोन्ही भाषा बोलणारी मुलं पुष्कळ आहेत. दोन्ही वाचणारी शोधावी लागतात.

अडतं कुठे? ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च वेगळा, ‘जीभ’ आणि ‘जावई’ यांतला ज वेगळा. लिपी हे सांगत नाही, कानच सांगतो. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र हिंदीच्या पुस्तकात भेटतच नाही. म्हणजे या मुलाला वर्णमालेचा नवा वर्ग नको आहे. ऐकू येणारा शब्द आणि दिसणारा शब्द एकाच क्षणी समोर हवे आहेत, आणि एवढं काम यंत्र उत्तम करतं.

यासाठीची सगळ्यात स्वस्त युक्ती ब्रिज कोठारी यांची. १९९६ मध्ये अमेरिकेत स्पॅनिश चित्रपट पाहताना त्यांच्या मनात आलं, खाली इंग्रजीऐवजी स्पॅनिशच ओळी असत्या तर? पुढे अहमदाबादच्या आयआयएममधून त्यांनी हिंदी गाण्याखाली हिंदी आणि गुजराती गाण्याखाली गुजराती ओळी, अशी कल्पना लावून धरली. १९९९ मध्ये गुजराती ‘चित्रगीत’ आणि २००२ मध्ये दूरदर्शनचं ‘चित्रहार’ अशा ओळींसह दिसू लागलं. डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या अभ्यासांतून दिसलं, की थोडीफार अक्षरओळख असलेल्या माणसाची नजर त्या ओळींकडे आपोआप वळते. गाणं तोंडपाठ असतं, म्हणून पुढचा शब्द आधीच मनात तयार असतो. डोळा फक्त खात्री करून घेतो. वर्गातल्या पडद्यावर मराठी बालगीत मराठी ओळींसह लावायला याहून वेगळं काही लागत नाही.

दुसरं उदाहरण सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचं. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत २००९ मध्ये रुजू झालेल्या रणजितसिंह डिसले यांच्यासमोर कन्नड बोलणारी मुलं होती. त्यांनी पाठ मुलांच्या भाषेत आणले आणि पुस्तकात क्यूआर कोड छापून त्यातून कविता, गोष्टी, दृकश्राव्य धडे ऐकवले. पुढे राज्यभरच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड आले. २०२० चा दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ त्यांना मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली. गाजावाजा कोडचा झाला. मला मात्र त्याआधीची पायरी मोलाची वाटते. घरची भाषा कोणती, हे आधी शिक्षकाने विचारलं.

फोनवरही साधनं आहेत. गूगलचं ‘रीड अलाँग’ हिंदीप्रमाणे मराठीतलंही मोठ्याने केलेलं वाचन ऐकतं आणि अडलेला शब्द म्हणून दाखवतं. पण भरल्या वर्गात सगळ्यांनी एकदम तोंड उघडलं तर बिचाऱ्या फोनने कोणाचं ऐकायचं? ते घरचं काम. वर्गासाठी प्रथम बुक्सचं, २०१५ पासून चालू असलेलं ‘स्टोरीवीव्हर’ बरं: एकच चित्रकथा हिंदीतही उघडता येते, मराठीतही, आणि छापून घ्यायलाही परवानगी आहे.

छापून घ्यावीच. सलग मजकूर समजून घेण्यात पडद्यापेक्षा कागद सरस ठरतो, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित पडताळणीतून २०१८ मध्ये पुढे आलं. स्वीडनने २०२३ मध्ये छापील पाठ्यपुस्तकांसाठी मुद्दाम पैसे काढले. आपल्याकडे ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी जेमतेम २७ टक्के मुलं दुसरीचा उतारा वाचू शकली. त्याच पाहणीत १४ ते १६ वयाची ८२ टक्के मुलं स्मार्टफोन चालवू शकत होती. यंत्र हाती आलं म्हणून वाचन आलं, असं होत नाही.

माधव नगरसारख्या वस्तीत सुरुवात मराठी गाण्यांच्या ओळी टंकून करता येईल. निवृत्त मराठी मंडळी या कामाला हौसेने बसतील. पहिल्याच दिवशी ऱ्हस्व-दीर्घावरून वाद होतील, आणि ते ऐकायला मुलांना जरूर बसवावं.