क्रीमची कृती दुप्पट करताय? आधी टक्के काढा

दिवाळीच्या तोंडावर नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या डोंगरे वसतिगृह मैदानावर प्रदर्शनं लागली, की उटणं, साबण आणि घरगुती क्रीमचे टेबल दिसतातच. उटण्याचं बरं असतं. ते कोरडं, त्यात आंबेहळद दोन चिमटी कमी-जास्त झाली तरी फारसं बिघडत नाही. क्रीममध्ये मात्र पाणी असतं आणि पाण्यासोबत बुरशी, जिवाणू येतात. म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह घालावं लागतं आणि ते किती, हे एकूण वजनाच्या टक्क्यांत ठरतं.

समजा, कृती अशी आहे: गुलाबजल १५० ग्रॅम, बदाम तेल ३६, इमल्सिफाइंग वॅक्स १२, प्रिझर्व्हेटिव्ह २. बेरीज २०० ग्रॅम. प्रत्येक आकड्याला बेरजेने भागा आणि १०० ने गुणा. उत्तर येतं ७५, १८, ६ आणि १ टक्का. चारही मिळून १०० झाले नाहीत, तर कुठेतरी चुकलंय.

उलटा हिशेबही सोपा. ५० ग्रॅमची डबी भरायची तर टक्क्यांना ५० ने गुणून १०० ने भागा: ३७.५, ९, ३ आणि ०.५ ग्रॅम.

खरी गडबड कृतीत बदल करताना होते. क्रीम घट्ट वाटलं म्हणून गुलाबजल ३०० ग्रॅम केलं, बाकी तेच ठेवलं. बेरीज आता ३५० झाली. प्रिझर्व्हेटिव्ह तेवढंच २ ग्रॅम आहे, पण टक्का १ वरून ०.५७ वर घसरला. क्रीम दिसायला छान, वासालाही छान. बुरशी मात्र काही दिवसांनी झाकणाच्या आत दिसणार. एक घटक बदलला की सगळ्यांचे टक्के बदलतात, त्यामुळे बेरीज पुन्हा करायलाच हवी.

चमच्याने मोजणाऱ्यांची अडचण याच्या उलट. फिनॉक्सिइथेनॉल या प्रचलित प्रिझर्व्हेटिव्हची युरोपीय संघातली कमाल मर्यादा १ टक्का आहे. पाच मिलीचा एक चमचा भरला तर ते साधारण साडेपाच ग्रॅम होतं. म्हणजे वरच्या २०० ग्रॅमच्या कृतीत २.७ टक्के! शिवाय १०० मिली खोबरेल तेल सुमारे ९२ ग्रॅम भरतं, तेवढंच ग्लिसरीन १२६ आणि मध १४० च्या आसपास. वाटी एकच, वजनं तीन.

मग वजनकाटा कोणता? स्वयंपाकघरातला एक ग्रॅमच्या टप्प्याने मोजणारा काटा ०.५ ग्रॅमला एकतर शून्य दाखवेल किंवा एक. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. सराफ बाजारात सोनं पिठाच्या काट्यावर कुणी तोलत नाही, तसंच हे.

साबणाची गोष्ट जरा वेगळी. तिथे १०० टक्के म्हणजे फक्त तेलांची बेरीज. पाणी आणि कॉस्टिक सोडा त्यावर वेगळा. तो सोडाही तेलानुसार बदलतो. ५०० ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे ९१ ग्रॅम लागतो, तेवढ्याच ऑलिव्ह तेलाला साधारण ६७. तेल बदललं आणि सोडा तोच ठेवला, तर वीसेक ग्रॅम कॉस्टिक वडीत मोकळा राहतो. तो त्वचा भाजतो.

विकायचं असेल तर 'सौंदर्यप्रसाधने नियम, २०२०' लागू होतात. उत्पादनाला परवाना लागतो. राज्यात तो अन्न व औषध प्रशासन देतं. लेबलवर १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे, १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कोणत्याही क्रमाने. बाजारातली बाटली वाचतानाही हे उपयोगी पडतं. समोर केशराचं मोठं चित्र आहे, पण यादीत केशर फिनॉक्सिइथेनॉलच्या नंतर आलंय? मग प्रिझर्व्हेटिव्ह मर्यादेत असेल, तर २०० ग्रॅमच्या त्या बाटलीत केशराचा अर्क जास्तीत जास्त २ ग्रॅम.